हजेरीची सही

आमच्या कोल्हापूर भागात मीटिंग कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दूध संस्था असो, सोसायटी असो, शाळेची समिती असो नाहीतर ग्रामसभा, माणसं येतात, टेकतात आणि पहिल्यांदा त्यांच्यापुढं वही फिरते. वर तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेलं असतं, खाली आकडे टाकलेल्या ओळी. ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं सही ठोकायची, नसेल येत तर अंगठा. सही झाली की चहा. चहानंतर बोलणं, मग भांडण, मग एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार. तेवढ्यात धारेची वेळ होते आणि अर्धी सभा उठून जाते. ठराव लिहिला जातो तो सगळे गेल्यावर, मध्ये राखून ठेवलेल्या कोऱ्या पानांवर. आधी सह्या, मागनं ठराव. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं, आणि मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेली.

मी तोंडानं फटकळ आणि डोक्यानं गरम. पोरं माघारी मला काय म्हणायची ते माहीत होतं, पण झाडं नीट ओळखली की मी सगळं माफ करायची. आमचं घर छप्पन साली धम्म स्वीकारलेलं. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबायचे, वडील पोस्टात लागले. घरात कागदाला फार मान. लेखी असलं की खरं, असं वडील मानायचे, कारण तोंडी शब्दावर आमच्या माणसांच्या कैक पिढ्या नाडल्या गेल्या होत्या. वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि केलेल्या सहीपासून मागं हटायचं नाही, ही त्यांची शिकवण. ती मी माझ्यापुरती पाळली. आपण दुसऱ्याची सही घेतो तेव्हा काय पाळायचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

आता सर. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. गगनबावड्याच्या धुक्यात त्यांच्या मागनं मी किती हिंडले असेन. पायाच्या जळवा काढायला तंबाखूची पुडी त्यांच्याच खिशात असायची. डबा उघडला की पहिला घास आधी विद्यार्थ्यांना द्यायचे. माझ्या लग्नात ते वडिलांच्या शेजारी उभे होते. जात, आडनाव, कुठल्या गल्लीतली, असलं काही त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि त्या काळात एवढ्यावरच माणूस माझ्यासाठी देवमाणूस ठरायचा. पुढं ते मोठे झाले आणि दिल्लीच्या एका समितीवर गेले.

ती समिती कसली ते सांगते. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक करार केलेला आहे, निसर्गाच्या निवडक जागा सगळ्या जगाच्या म्हणून राखायच्या. त्यावर देखरेख करायला सदस्य देशांची एक मोठी समिती असते. देश आळीपाळीनं तिच्यावर निवडून येतात, कुठल्यातरी देशात जमतात आणि कुठली जागा ठीक आहे, कुठली धोक्यात आहे, कुणाला हद्द बदलायची आहे ते ठरवतात. आमच्या घाटातलं एक जंगल त्या यादीत आहे. आता त्या मोठ्या समितीकडं ना पोलीस, ना फॉरेस्ट गार्ड. तिला काय कळतं ते कागदातनं. म्हणून प्रत्येक देशाची आपली एक समिती असते, सर गेले ती हीच, आणि ती अहवाल पाठवते. ती राज्याला विचारते, राज्य जिल्ह्याला, जिल्हा आमच्यासारख्या जाणकारांना आणि आम्ही वाडीतल्या माणसाला. एवढा जगाचा कारभार, पण त्याचा पाया वाडीतल्या सतरंजीवर. हे मी वर्गात छाती फुगवून सांगायची. पोरांना म्हणायची, परदेशातल्या त्या हॉलमध्ये जे ठरतं ते आपण इथं खरं लिहिलं तरच खरं ठरतं.

आमच्या बाजूची ती वाडी राधानगरीच्या वरच्या अंगाला. एसटी जिथं फिरून माघारी येते तिथनं पुढं तासभर चालायचं. भात, नाचणी, घरटी दोन-चार म्हशी. वाडीच्या वर जंगलाची हद्द, आणि हद्दीच्या आत, दगडांच्या बेचक्यात, एक झरा. मे महिन्यातही आटत नाही. तिथनं वाडीपर्यंत प्लास्टिकची नळी आणलेली आहे आणि सगळी वाडी त्याच पाण्यावर जगते.

जंगलासाठी वाडीची एक गावसमिती होती आणि जाणकार म्हणून मला तिची सचिव केलं होतं. तिच्यात बाई सभासद लागते म्हणून एका विधवा बाईचं नाव घातलेलं होतं. वयानं माझ्याहून थोडी मोठी, मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई. नुसती नावाला सभासद असेल असं वाटलं होतं, पण ती सगळ्यांचे कान उपटायची. पहिल्या भेटीत मी तिला झाडाचं लॅटिन नाव सांगितलं तर म्हणाली, "काय म्हणतासा? परत म्हणा की." मी परत म्हटलं. तिनं बायकांकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्या बाईस्नी झाडाचं नाव पाठ हाय, पर जाताना वाट सापडत न्हाय." खरंच होतं, येताना मी चुकलेच होते.

वाडीचा त्या हद्दीवर राग होता. हद्द आली आणि लाकूड तोडायला बंदी, गुरं सोडायला बंदी, शिकेकाई गोळा करायलाही चोरी. सरकार म्हणजे अडवायला आलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख. ते राग काढत होते आणि मी समजावत होते. वर्षानुवर्षं. अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. मी सांगायची, ही हद्द तुमच्या झऱ्याची राखण करते. आज लाकूड अडवलंय, पण उद्या कुणी मोठा माणूस झऱ्यावर बसायला आला तर त्यालाही हीच हद्द अडवेल. आणि ती हलवायची झाली तर जगातल्या देशांच्या समितीपुढं जावं लागतं, तुम्हाला विचारल्याशिवाय हलत नाही. मावशी म्हणायची, "जगातल्या देशांस्नी आमची वाडी म्हाईत हाय व्हय?" मी म्हणायची, असते, कागदानं माहीत असते. हळूहळू तिला पटलं. मग तीच इतरांना सांगायला लागली. एकदा झऱ्यापाशी कुणी पावणं बाटल्या टाकून गेलं, तर तिनं त्यांना खालपर्यंत शिव्या घालत पोहोचवलं आणि मला अभिमानानं सांगितलं.

तर झालं असं की हद्द हलवायचा प्रस्ताव आला. झऱ्याच्या बाजूची उताराची एक पट्टी जंगलातनं बाहेर काढायची. कशाला, तर पर्यटन संकुल. खोल्या, पोहायचा तलाव, वरनं दरी बघायला काचेचा पूल. पट्टी नकाशावर बोटाएवढी दिसत होती. तिच्यातच झरा. बदल किरकोळ आहे असं देशाच्या समितीला मोठ्या समितीपुढं मांडायचं होतं, आणि त्यासाठी तिला स्थानिक लोकांचं म्हणणं कळवावं लागतं. सरांचा फोन आला. "वाडीत सभा घे. तुझ्याशिवाय तिथं कुणाचं ऐकत नाहीत." मला बरं वाटलं. मी म्हटलं, सर, लोक नाही म्हणणार. ते म्हणाले, "म्हणू देत की, तेच लिहू. खरं ते लिहायचं." हे त्यांचे शब्द आहेत. मी ते विसरलेले नाही.

सभा शाळेच्या खोलीत झाली. सचिव म्हणून मीच वही घेऊन फिरले. मावशीपुढं वही धरली तेव्हा तिनं विचारलं, "कशाची सही ही?" मी हसून म्हटलं, हजेरीची हो मावशी, नेहमीची. तिनं जोर देऊन सही केली. ती साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती आणि प्रत्येक अक्षराला वेळ घ्यायची. खाली सचिव म्हणून मी माझी सही केली. मग चहा, मग बोलणं. एकानंही हद्द हलवायला होकार दिला नाही. एक म्हातारा म्हणाला, आमी लाकडं सोडली, आता पानी बी सोडायचं व्हय? मावशी उभी राहून म्हणाली, "लिवा बाई, आमची हरकत हाय. जगाला कळू द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. पाच वाजता माणसं धारा काढायला गेली.

मी कोल्हापूरला येऊन इंग्रजीत पाच पानांचा अहवाल लिहिला. कोण काय म्हणालं, झरा कुठं, नळी कुठं, सगळं. वहीत ठराव लिहायला बसणार तर सरांचा फोन. "मराठी ठराव तू लिहू नकोस. इंग्रजीशी शब्दाला शब्द जुळला पाहिजे, कायद्याची भाषा लागते. कोरी पानं तशीच ठेव आणि वही माझ्याकडं आणून दे, मी बघतो." मी वही नेऊन दिली. त्यांच्या दिवाणखान्यात. काकूंनी पोहे केले होते. सरांनी माझा अहवाल चाळला, एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं आणि म्हणाले, छान झालंय. मी पोहे खाऊन आनंदात घरी आले. सह्या असलेली वही, तिच्यात कोरी पानं, आणि ती मी माझ्या हातानं देऊन आले. कुणी वाटेतल्या माणसानं मागितली असती तर मी हाकलून दिलं असतं. पण सर होते.

त्या मोठ्या समितीची बैठक इंटरनेटवर दाखवतात. दुपारची वेळ होती, मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि मिस्टरांना म्हटलं होतं, आज मला कुणी हाक मारायची नाही. कुठल्यातरी देशातला भलामोठा हॉल, देशांच्या पाट्या, कानाला यंत्रं लावलेली माणसं. आमच्या देशाच्या पाटीमागं सर. सूट घातलेला. मला आधी भरूनच आलं. मिस्टरांना बोलवून दाखवलं, बघा, माझे सर. आमच्या जंगलाचा विषय आला. सरांनी माईक ओढून घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की सीमेतला बदल किरकोळ आहे, स्थानिक समाजाशी सल्लामसलत झाली आहे आणि त्यांनी लेखी संमती दिली आहे. संमतीची प्रत जोडली आहे. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाची नव्हती. हातोडी आपटली. पुढचा विषय कुठल्यातरी बेटांचा होता. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील नसतील.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मिस्टर म्हणाले, नाही, मीही ऐकलं. मग मी समितीच्या संकेतस्थळावर ती प्रत शोधली. तासभर लागला. सापडली. आमच्या वहीची पानं होती. वर तारीख, वेळ, शाळेचं नाव, माझ्या अक्षरात. खाली सह्या, मावशीची ती जोर देऊन केलेली सही, माझी सही. आणि मधल्या पानांवर ठराव की हद्दीतील किरकोळ बदलास वाडीची हरकत नसून पर्यटनातून रोजगार मिळावा अशी ग्रामस्थांची विनंती आहे. माझा पाच पानी अहवाल कुठंच नव्हता.

ठराव दुसऱ्या कुणी लिहिला असता, एखाद्या कारकुनानं, तर मी सरांसाठी काहीतरी सबब शोधली असती. माणूस शोधतोच. पण ते अक्षर मी ओळखते. माझ्या प्रबंधाच्या पानापानावर लाल शाईत तेच अक्षर होतं, 'र' ला तसाच लांब पाय, अनुस्वार तसाच वर उडालेला. माझं वाक्य फिरवून ते जसं सोपं करायचे तसंच वाडीचं म्हणणं फिरवून त्यांनी सोपं केलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. रडलेही नाही. नुसती चीड.

सर परत आले त्या आठवड्यात मी त्यांच्याकडं गेले. ह्या वेळी पोहे नव्हते, किंवा मी बसलेच नाही म्हणून विचारले गेले नाहीत. मी म्हटलं, सर, ते अक्षर तुमचं आहे. ते म्हणाले, "हो. बस."

मी उभीच राहिले. ते शांतपणे बोलले, वर्गात बोलायचे तसंच. "अगं, हरकत गेली असती तर अख्ख्या जंगलाचं प्रकरण उघडलं असतं. धोक्याच्या यादीत गेलो असतो. देशाची नाचक्की, आणि मग चिडून वरचे लोक म्हणतील, नकोच ती यादी. एक पट्टी सोडली तर बाकीचं सगळं वाचतं. मी चाळीस मीटिंगा बघितल्यात. असंच चालतं."

"आणि वाडीचं पाणी?"

"पाण्याची व्यवस्था करतील ते. तू भावनेत बोलतेस. मी तिथं देशाच्या पाटीमागं बसलो होतो. समिती सदस्य देशांची असते, वाडीची नसते."

त्यांच्या बोलण्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. म्हणूनच डोकं जास्त फिरलं. मी म्हटलं, मग तसं सांगायचं होतं तिथं, की वाडी नको म्हणते तरी आम्ही करतोय. खोटं का लिहिलंत? ते पहिल्यांदा जरा वैतागले. "सह्या तूच गोळा केल्यास. तुझी सही आहे खाली. पोलिसात जाणार असशील तर आधी तुझं नाव येईल, एवढं लक्षात ठेव." आणि मग, हे मला अजून पटत नाही, ते मायेनं म्हणाले, "तुला सांभाळायलाच सांगतोय मी." केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, मला त्या दिवाणखान्यात कळलं. मी पाया न पडता बाहेर आले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी मोठ्या समितीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. माझा अहवाल जोडला, संमती खोटी आहे असं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. माझी सही त्याच्यावर आहे हेही लिहिलं. नोकरीत नव्हते आता, बोलायला कुणाच्या बापाची भीती. पंधरा दिवसांनी सभ्य उत्तर आलं. नियमाप्रमाणे कुठलीही तक्रार संबंधित देशाच्या समितीकडं अभिप्रायासाठी पाठवली जाते, तशी माझीही पाठवली आहे. म्हणजे सरांकडं. कुंपणानंच शेत खाल्लं आणि पंचनाम्यालाही कुंपणच बोलावलं. पण पत्रात खाली एक ओळ होती. त्या समाजानं स्वतः, सह्यांनिशी, संमती दिली नसल्याचं निवेदन ठरलेल्या मुदतीत पाठवलं तर ते थेट समितीपुढं ठेवता येईल आणि निर्णयाचा फेरविचार होऊ शकेल. भाषा इंग्रजी किंवा फ्रेंच.

मला जीवात जीव आल्यासारखं झालं. मी एका पानाचं निवेदन इंग्रजीत तयार केलं, सोबत वेगळ्या कागदावर मराठी भाषांतर, आणि वाडीला गेले. पाऊस लागला होता, खाचरात भातलावणीसाठी चिखलणी चालू होती, तरी निरोप पोचल्यावर माणसं शाळेत आली. मी उभी राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वही मी दिली, कोरी पानं मी ठेवली, माझ्या सरांनी लिहिलं, तिकडं तुमच्या नावानं होकार गेला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं.

एकजण म्हणाला, माणसं येऊन मोजमाप करून गेली. झऱ्यापाशी खुंट्या मारल्यात. दुसरा म्हणाला, आमी इचारलं तर म्हणली, तुमीच सह्या दिल्यासा की.

मग मी निवेदनाचं सांगितलं. अजून वेळ आहे, आठवडा आहे. तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या तर हद्द परत येऊ शकते. कागद पुढं केले. आधी कुणी हात लावेना. मग मावशीनं दोन्ही कागद घेतले, इंग्रजी आणि मराठी, आणि मराठीवर बोट फिरवत सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "बराबर हाय. आमचं म्हननं हेच हाय." मला हायसं वाटलं. मी पेन काढलं.

"ह्यातला कुठला तिकडं जानार?" तिनं विचारलं.

"इंग्रजी."

"मग ह्यो मराठी?"

"तो तुम्हाला कळावा म्हणून."

"आनि सही कुठल्यावर करायची?"

मी म्हटलं, इंग्रजीवर. मागनं कुणीतरी विचारलं, ह्यात त्येच लिवलंय कशावरनं? मी म्हटलं, अहो, मी सांगते ना. बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी घाईनं म्हटलं, पुण्याला तुमची शिकलेली पोरं आहेत, त्यांना फोटो पाठवा, त्यांच्याकडनं वाचून घ्या. मावशी म्हणाली, "वाचतील की. पर मागच्या बारीला सह्या झाल्यावर लिवलंतं. पोरं वाचतील त्यो आजचा कागद. उद्याचा कोन वाचनार?"

मी सांगितलं, ह्यात कोरी जागा नाही, बघा, रेघ मारून बंद केलंय. मी स्वतः पोस्टात टाकते, स्वतः पावती आणून दाखवते. मी अजून बरंच काही सांगितलं. शेवटी विनवण्या करत होते, वर्गात एवढं कडक बोलणारी मी. म्हटलं, मावशी, माझ्यासाठी नको, झऱ्यासाठी करा. तुम्ही मला ओळखता. मी कधी लबाडी केलीय का तुमच्याशी?

मावशीनं कागदांची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. "न्हाय बाई," ती म्हणाली. "तुमी लबाड न्हाईसा, हे सगळ्या वाडीला म्हाईत हाय. पर तुमी लबाड नव्हता, तवाच हे झालं न्हवं?"

ती उठली. म्हशींची वेळ झाली होती. बाकीची माणसंही एकेक करून पावसात गेली. मुदत त्याच आठवड्यात संपली, आणि हद्दीचे दगड आता झऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत.